शुक्रवारचं पान गाळू नका

नाताळ जवळ आला, की आमच्याकडे दोन कामं एकदमच निघतात. फराळाचे डबे घासून उन्हात वाळत घालायचे, आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून मुलांची चित्रांची पुस्तकं बाहेर काढायची. करंज्यांचं सारण परतताना एक डोळा मागे ठेवावा लागतो. कारण आमच्या धाकटीला पुस्तकाचं पान उलटण्यापेक्षा चावण्यात अधिक रस!

आम्ही नगरचे मराठी ख्रिस्ती. मी सकाळी दोन तास बालवर्गाला शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये संडे स्कूलचा छोट्यांचा वर्ग घेते. त्यामुळे नाताळची नि ईस्टरची चित्रपुस्तकं माझ्या हातांखालून पुष्कळ गेली आहेत. तुम्ही म्हणाल, आमच्या घरी हे सण नाहीत, आम्हाला काय त्याचं? पण मूल कॉन्व्हेंटात जात असतं, कुणीतरी वाढदिवसाला असं पुस्तक देतं, आणि ऐन स्वयंपाकाच्या गर्दीत प्रश्न येतो, "आई, हे बाळ गवतात का झोपलंय?" तेव्हा मैत्रिणींनो, हे चार शब्द तुमच्यासाठीही आहेत, बरं का.

नाताळचं पुस्तक निवडताना

दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, पानाला एक-दोनच वाक्यं असलेलं पुस्तक घ्यावं. एका चित्रात एकच प्रसंग हवा. गर्दीच्या चित्रात मोठ्यांना कौतुक वाटतं, पण मूल हरवतं. हॉलंडचे डिक ब्रूना यांनी १९६३ साली नाताळची गोष्ट चित्रांतून सांगितली, ती जाड काळी रेघ आणि मोजके भडक रंग एवढ्याच भांडवलावर. लहान डोळ्यांना तेवढं पुरतं.

दुसरं म्हणजे, चित्रकाराने पदरचं काय घातलं आहे ते आपल्याला ठाऊक असावं. येशूच्या जन्माची हकिगत मत्तय आणि लूक या दोनच शुभवर्तमानांत आहे. लूक मेंढपाळांचं सांगतो. बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, हे त्याचंच. मत्तय पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांचं, म्हणजे ज्ञानी पुरुषांचं सांगतो. ते तिघे होते असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. भेटी तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस. त्यावरून माणसंही तीन धरली गेली! गव्हाणीजवळचे बैल नि गाढव मागाहून चित्रांत आले आणि बर्फ तर थंड देशांतल्या चित्रकारांनी आपल्या अंगणातला आणला. हे सारं चुकीचं म्हणून पुस्तक फेकून देऊ नका. मुलाला मात्र गमतीने सांगा, "हे चित्र काढणाऱ्या काकांच्या गावी बर्फ पडतो हं!"

येशूची आई नेहमी गोरीपान, निळ्या डोळ्यांचीच का, असं माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं. तिला मी आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं दाखवली. हे गोव्याचे चित्रकार (१९०२–१९६७). पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात ते पुष्कळ वर्षं राहिले. त्यांची मरीया साडी नेसते. पोरगी म्हणाली, "ही आपल्या घरची दिसते." ही गोष्ट मराठी वेषात येणंही काही आजचं नाही. फादर स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ सालीच छापलं गेलं.

नाताळचं पुस्तक निवडणं तसं सोपं. बाळ, आई, तारा, कोकरं. कोणाला आवडणार नाही? कठीण आहे ते ईस्टरचं. तिथेच माझी चूक झाली, आणि खरं म्हणजे तेच सांगायला आज बसले आहे.

मी टाचलेली दोन पानं

ईस्टर आपल्या चैत्राच्या आसपास येतो. चर्चच्या गणिताने २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा पहिला रविवार तो ईस्टर. म्हणून आपल्याकडे बहुतेक चर्चमध्ये तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही असतो. त्याच्या आधीचा शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, येशूला वधस्तंभावर खिळलं तो दिवस.

आमच्या ईस्टरच्या पुस्तकात त्या शुक्रवारची दोन पानं आहेत. सोनू लहान म्हणून मी ती टाचणीने एकत्र टाचून ठेवली होती. गाढवावरून येशू यरुशलेमात आला, शिष्यांबरोबर जेवला, की पान उलटून एकदम रविवार सकाळची बाग! मला वाटे, किती शहाणी आई मी.

२०२५ साली ईस्टर २० एप्रिलला होता. त्या वर्षी फेब्रुवारीत माझे सासरे वारले. सोनू तेव्हा पाच वर्षांचा. आजोबांच्या मांडीवर वाढलेला. ईस्टरच्या आदल्या दुपारी तो पुस्तक घेऊन बसला, आणि बागेच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "आई, ह्या बाया का रडतायत?"

मी गप्प. खरंच की! मधलं काही घडलंच नाही, तर त्या पहाटे सुगंधी मसाले घेऊन कुणाच्या कबरीकडे निघाल्या होत्या? त्यांचं रडू कशाचं, आणि मागाहूनचा आनंद तरी कशाचा? शुक्रवार गाळून मी रविवारच फुकट घालवला होता.

टाचणी काढली. त्याला जवळ घेऊन ती पानं वाचली. त्याने बराच वेळ चित्र पाहिलं. "दुखलं का त्याला?" मी म्हटलं, "हो रे, फार दुखलं." मग त्यानेच पान उलटलं, बागेतल्या बायकांकडे पाहिलं आणि विचारलं, "मग आजोबापण उद्या रविवारी येणार?"

मैत्रिणींनो, बी. ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं, पण त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. घसा दाटून आला. तेवढ्यात आतून सासूबाई आल्या, त्याच्याशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "नाही बाळा, उद्या नाही. हा पुस्तकातला रविवार झाला. आपल्या आजोबांचा रविवार अजून यायचाय, कधी ते देवाला ठाऊक. तोवर आठवण आली की माझ्याकडे येत जा. मलाही येते." दोन महिन्यांत त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं. सोनूने आपल्या सदऱ्याच्या बाहीने ते पुसलं.

घरात दोन महिने कुणी आजोबांचं नाव काढत नव्हतं. त्या दिवसापासून काढू लागलो.

वाचून दाखवताना एवढं सांभाळा

ईस्टरचं पुस्तक घेताना आधी शुक्रवारचं पान उघडून पाहा. रक्त नि खिळे अंगावर येतील असं चित्र लहानांना नको. अंधारलेलं आभाळ, दूर टेकडीवर तीन वधस्तंभ, जवळ उभी असलेली आई, एवढं पुरे. ब्रायन वाइल्डस्मिथ यांच्या १९९३ सालच्या ईस्टरच्या पुस्तकात सारी गोष्ट येशूला वाहून आणणाऱ्या गाढवाच्या संगतीने घडते. असा एखादा ओळखीचा प्राणी मुलाचा हात धरून नेतो. ससे नि रंगीत अंडी ही युरोपातली रीत. ती गंमत जरूर करा, पण नुसत्या सशांच्या पुस्तकाने ईस्टर कळत नाही.

शुक्रवार वाचायला घेतलात, तर त्याच बैठकीत रविवारपर्यंत पोचा. रात्री झोपताना अर्ध्यावर पुस्तक मिटू नका. 'येशू झोपला' असं म्हणू नका, 'मरण पावला' असंच म्हणा. नाहीतर मूल झोपेलाच भिऊ लागतं. आणि 'तू खोड्या करतोस म्हणून येशूला खिळे मारले' हे तर चुकूनही नको. कोवळ्या मनावर तो बोजा फार होतो.

एक आवर्जून सांगा. रिकामी कबर पहिल्यांदा पाहायला गेल्या त्या बायका. चारही शुभवर्तमानांत हे आहे, आणि चारहींत मग्दालीया मरीयेचं नाव आहे. मुलींना हे ऐकताना पाहा, कशा ताठ बसतात!

पुस्तक मिळालं नाही तर

घरीच करा. जुन्या कॅलेंडरचे जाड कागद पाठीला पाठ लावून मैद्याच्या खळीने चिकटवा. अशी आठ पानं होऊ द्यात. मधोमध दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवून घ्या. चार पानं नाताळची: प्रवास, गव्हाणी, मेंढपाळ, मागी लोक. चार ईस्टरची: गाढव, भोजन, शुक्रवार, बाग. चित्रं मुलांनाच काढू द्या. आमच्या सोनूने शुक्रवारच्या पानावर सगळा कागद काळ्या खडूने रंगवला, आणि कोपऱ्यात एक छोटा पिवळा ठिपका ठेवला. "हा काय रे?" विचारलं, तर म्हणतो, "रविवार आहे. लांब आहे ना, म्हणून बारीक दिसतो."

ते पुस्तक यंदा पेटीत नाही. सासूबाईंच्या उशाशी असतं.