फुकटचा वकील हा उपकार नव्हे

डिंभे धरणामागच्या वाड्यांतून घोडेगावच्या कोर्टात आणि माणिकडोहच्या वरच्या अंगाने जुन्नरला माणसे तारखेसाठी येतात, ती पहाटेची एसटी धरून. अख्खी मजुरी बुडते. गुन्हा काय? बांधावरची शिवीगाळ, हातभट्टी, जंगलातले लाकूड. कोर्टाच्या आवारात कोणीतरी शहाणा भेटतोच. "कबूल करून टाक, दंडावर सुटशील." बापडा कबूल करतो, दंड भरतो आणि परतीची गाडी धरतो. पण कबुलीवर झालेला दंड म्हणजे दोषसिद्धीच. पुढे पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीच्या वेळी तोच कागद आडवा येतो.

एवढ्याशा केसला सरकार वकील देते काय, असे आम्हाला विचारले जाते. देते! विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, दिव्यांग आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा आहे ती इतरांना, आणि तिथेही कलम १३ प्रमाणे सहसा प्रतिज्ञापत्र पुरते. म्हणजे महादेव कोळी, ठाकर बांधवांकडून आणि आपल्या लोकांकडून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागणे कायद्याला धरून नाही. जातीचा दाखला दाखवा. बौद्धांनाही १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, हे ठणकावून सांगा. बचावात प्रथमदर्शनी तथ्य आहे की नाही एवढे समिती पाहते. गुन्हा लहान की मोठा, हा भेद कलम १२ मध्ये नाही.

गैरसमज झाला तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेमुळे. तिचे कलम ३०४ सेशन खटल्यापुरते बोलत होते. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ मध्ये सेशनची ती अट उरली नाही.

सुकदास यांचा खटला पाहा. अरुणाचल प्रदेशात एका अभियंत्याला धमकावल्याचा आरोप, शिक्षा दोन वर्षे, वकील नाही. वकील मागितलाच नव्हता, असे उच्च न्यायालयाचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली शिक्षा रद्द केली: ज्याला हक्क ठाऊकच नाही तो मागणार कसा?

अटकेतील माणसाला वकिलाचा हक्क देणारा अनुच्छेद संविधान सभेत मांडला बाबासाहेबांनी, सप्टेंबर १९४९ मध्ये. मसुद्यात तो १५-अ होता, आज तो २२ आहे. त्यांच्या नावाने मिरवणारे आमचे कार्यकर्ते मोर्चाला शंभर माणसे आणतात, पण तारखेला एका माणसासोबत कोर्टात उभे राहत नाहीत. नेमलेला वकील तारखेला आला की नाही, तेही कोणी विचारत नाही.

अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे, मराठीत चालतो. फोन १५१००. आणि गुन्हा कबूल आहे का, असे न्यायाधीशांनी विचारले, तर आधी म्हणा, "साहेब, मला वकील पाहिजे."