जुन्या शेगड्या : संग्राहकानें काय शोधावें ?



जुन्या वस्तूंचा संग्रह म्हटला कीं नाणीं, तलवारी, पोथ्या आणि चित्रें हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. स्वयंपाकघरांतल्या वस्तूंना त्या पंक्तीला सहसा पाट मिळत नाहीं. आणि आज जिच्याविषयीं मी बोलणार आहें ती कोळशाची शेगडी तर त्यांतही शेवटच्या पाटावर बसणारी. तरी पण शेगडीचे शोधक जगांत आहेत, आणि ते मोठ्या हौसेचे आहेत. अमेरिकेंत शिकागोच्या वेबर बंधूंच्या कारखान्यांत काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन या गृहस्थानें १९५२ सालीं, पाण्यावर खुणेसाठीं तरंगत ठेवावयाच्या धातूच्या पोकळ गोळ्याचे दोन भाग करून, मांस भाजण्याची झांकणाची शेगडी तयार केली. तिच्या जुन्या आवृत्त्यांसाठीं तिकडील संग्राहक गांवोगांव हिंडतात. १९७९ पासून त्या कारखान्यानें हवेच्या झरोक्याच्या पत्र्यावर सालाचें अक्षर उठविण्यास आरंभ केला. तें अक्षर वाचून शेगडीचें वय सांगणें ही त्यांची पहिली परीक्षा.

आपल्या शेगडीवर असें अक्षर नाहीं. ती बहुधा गांवच्या तांबटानें, लोहारानें किंवा कुंभारानें केली, आणि करणाऱ्यानें तिच्यावर आपलें नांव घातलें नाहीं. म्हणून आपल्या संग्राहकाला वेगळी दृष्टि लागते. ती कशी असावी आणि या शोधांत खरें दुर्मिळ काय, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

घरगुती वस्तूंनाही इतिहास असतो हें महाराष्ट्राला ज्यांनीं प्रत्यक्ष दाखविलें, त्या पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचें स्मरण येथें केलें पाहिजे. १९२० च्या सुमारास त्यांनीं संग्रहास प्रारंभ केला. दिवे, अडकित्ते, दौती, भांडीं, दारांच्या चौकटी अशा नित्याच्या वस्तू त्यांनीं जमविल्या. आणि १९६२ सालीं स्थापन झालेल्या संग्रहालयाला आपल्या दिवंगत मुलाचें, राजाचें, नांव दिलें. आज त्या संग्रहांत २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. ज्या वस्तूला रोज हात लागतो तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि लक्ष जाईपर्यंत ती नाहींशी झालेली असते, हाच त्या उद्योगाचा धडा आहे.

शेगडीची ओळख पटण्यासाठीं तिची रचना आधीं ध्यानांत घेऊं. तिचे भाग तीन : वर निखाऱ्यांचें पात्र, मध्यें जाळी आणि खालीं राखेचें घर. राखेच्या घराला पुढून एक तोंड असतें. त्यांतून वारा शिरतो, जाळींतून वर चढतो आणि कोळसा फुलवितो. लांकडांतला धूर देणारा अंश कोळशाच्या भट्टींतच निघून गेलेला असतो, म्हणून शेगडीला धूर थोडा आणि ज्वाळाही थोडी. तिचें काम निखाऱ्याच्या धगीनें चालतें. जाळी गेली कीं शेगडी मेली. म्हणून कोणतीही जुनी शेगडी हातीं आली तर प्रथम तिची मूळची जाळी आहे कीं नाहीं हें पहावें. धग सोसून सोसून जाळी आधीं जळते, आणि मालक नवी बसवितो किंवा तशीच टाकून देतो. मूळ जाळीसह मिळालेली शेगडी ही पहिल्या प्रतीची प्राप्ति होय.

आतां शोधण्याजोगे प्रकार पाहूं. सर्वांच्या नजरेंत प्रथम भरते ती वाड्यांतली पितळी किंवा तांब्याची शेगडी. तिला दोन बाजूंस कड्या, खालीं तीन किंवा चार नक्षीदार पाय, आणि कांठावर भांडें टेकण्यासाठीं उंचवटे असतात. हिची मागणी मोठी, म्हणून नकलाही पुष्कळ. जुनें काम हातोडीच्या ठोक्यांनीं घडविलेलें असतें. पत्र्यावर बोट फिरविलें कीं ते ठोके लागतात, आणि सांधा कोठें जोडला तेंही दिसतें. नवी वस्तु यंत्रावर ओढलेली किंवा सांच्यांत ओतलेली असल्यानें सर्वत्र सारखी गुळगुळीत येते. शिवाय खऱ्या शेगडीची झीज न्यायानें झालेली असते : आंतून धगीनें, कड्यांवर हातानें, पायांखालीं फरशीनें. आम्लानें काळी केलेली नवी शेगडी सगळीकडून एकसारखी म्हातारी दिसते, आणि तेथेंच ती पकडली जाते.

दुसरा मान पाण्याच्या तांब्याच्या बंबाचा. त्याच्या पोटांतून उभी नळी जाते. नळींत निखारे, भोंवतीं पाणी. इराण्यांच्या व रशियनांच्या समोवाराचें तत्त्व हेंच. बंब पुष्कळ मिळतात, पण झांकण, तोटी आणि नळीखालची जाळी हीं तिन्हीं मूळचीं असलेला क्वचित. ज्या गांवीं विहिरींचें पाणी जड असतें तेथल्या बंबाच्या आंतल्या अंगाला क्षारांचा पांढरा थर बसलेला आढळतो. तो खरवडून काढण्याची घाई करूं नये; बंबानें किती हिंवाळे पाहिले याचा तो थर साक्षीदार आहे.

तिसरी वस्तु इकमिक कुकर. बंगालचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० च्या सुमारास ही युक्ति काढली. एका उंच नळकांड्यांत डाळ, भात, भाजी यांचे डबे एकावर एक ठेवावयाचे, तळाशीं पाणी व त्याखालीं मूठभर पेटलेले कोळसे घालावयाचे, आणि दार लावून कामाला निघून जावयाचें; कांहीं तासांनीं परत यावें तों जेवण तयार. आज याचे सुटे डबे सांपडतात. सर्व डबे, पकड आणि कोळशाचें पात्र एकत्र मिळणें हा मात्र भाग्ययोगच.

नांदेड, लातूर या बाजूच्या माणसाला आणखी एक प्रकार शोधतां येईल, आणि तो भोजनप्रिय पाश्चात्यांच्या भाजण्याच्या शेगडीचा सख्खा भाऊ आहे. हा मुलुख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें हैदराबादी पाकशास्त्राची छाया येथल्या शहरांवर व पेठांवर पडली. सीखकबाबासाठीं लोखंडी पत्र्याची लांबट, अरुंद, वरून उघडी अंगीठी असते. तिच्या दोन्ही कांठांवर सळया टेकतात आणि मांस धगीवर अधांतरीं भाजतें. 'पत्थर का गोश्त' या हैदराबादी प्रकारांत तर निखाऱ्यांवर दगडाची फरशी तापवून तिच्यावर मांस भाजतात. वापरानें काळी झालेली अशी फरशी अंगीठीसह हातीं लागली, तर ती दगड म्हणून टाकून देऊं नये !

कारागिरांच्या शेगड्यांचें दालन निराळेंच आहे. सोनाराच्या शेगडीला जुने लोक बागेसरी म्हणत. तिच्याबरोबर फुंकणी आणि चिमटा मिळाला तर संच पुरा झाला. परटाची कोळशाची पितळी इस्त्री हीही एक फिरती शेगडीच. पण इस्त्र्या मोठ्या संख्येनें उरल्या आहेत, आणि शोभेसाठीं नव्याही घडविल्या जातात. संग्राहकानें तेथें फार पैसा गुंतवूं नये.

आतां अगदीं उलट टोंकाकडे येतों. मोलानें सर्वांत हलकी आणि मिळण्यास सर्वांत कठीण अशी शेगडी कोणती ? ती पितळी नव्हे. ती जुन्या बादलीची किंवा तेलाच्या डब्याची, आंतून मातीनें लिंपलेली शेगडी. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर, मुदखेड आणि धर्माबाद यांच्या मध्यें, उमरी हें पेठेचें गांव आहे. अशा गांवांतल्या साध्या घरीं चहा, दूध, आजाऱ्याची पेज यांसाठीं वापरांत असे ती हीच. माती आणि भुसा कालवून घरची बाई तिला आंतून लेप देई. तो तडकला कीं वर दुसरा देई. फुटलेल्या कडेशीं नीट पाहिलें तर हे लेप कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक दिसतात, आणि त्या घराची काटकसर त्यांत मोजतां येते. अशी शेगडी कोणी जपली नाहीं, कारण जपण्याजोगें तिच्यांत कांहीं आहे असें कोणाला वाटलें नाहीं. १८९२ सालीं स्वीडनमध्यें निघालेला प्रायमस स्टोव्ह कालांतरानें आपल्याकडे घरोघर आला. १९५५ सालीं मुंबईंत स्वयंपाकाचा गॅस आला. आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेनें तो खेड्यांतल्या झोंपडीपर्यंत पोंचविला. पत्र्याची शेगडी अंगणांत गेली, अंगणांतून उकिरड्यावर गेली आणि गंजून मातीस मिळाली. पितळी शेगडीचें दैव दुसरें. ती वजनावर मोडींत गेली. तराजूला नक्षी कळत नाहीं. शंभर वर्षांची शेगडी आणि कालची फुटकी परात त्याला सारखीच.

या साध्या शेगड्यांतही एक विशेष मोलाची आहे, ती बाळंतिणीची. शेकशेगडी हा शब्द आपल्या भाषेंत जोडीनेंच येतो. खाटेखालीं मंद निखारे, आणि त्यांवर ओवा, शेपा, वावडिंग यांची धुरी, असा तो थाट. कित्येक घरांत एकच शेगडी सासूच्या, सुनेच्या आणि माहेरीं आलेल्या लेकीच्या बाळंतपणांत फिरली. तिला बाजारांत किंमत नाहीं. पण तीन पिढ्यांचे पहिले श्वास तिच्याभोंवतीं घेतले गेले. संग्रहांत ती असावी, वापरांत मात्र नसावी, हें येथें स्पष्ट सांगणें माझें कर्तव्य आहे. निखाऱ्यांच्या थरांतून वर येतांना वायूचें रूप पालटतें आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु तयार होतो. निखाऱ्यांवर कधीं कधीं जी निळसर ज्योत खेळते ती याच वायूची. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. बंद खोलींत तो झोंपलेल्या माणसाला जागेंही होऊं देत नाहीं. जुनी शेगडी पेटवून पहावयाचीच असेल तर ती उघड्या अंगणांत पेटवावी, आणि ती विझल्याची खात्री झाल्याशिवाय घरांत आणूं नये.

जतनाविषयीं थोडें. गंजलेल्या लोखंडी शेगडीला पाणी लावूं नये. कोरड्या कुंचल्यानें सुटी गंज झाडावी आणि तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा. मातीचा लेप असलेली शेगडी धुतली कीं संपली. पितळेला व तांब्याला चिंच लावून लखलखीत करण्याचा मोह आवरावा, कारण त्या काळसर वर्णांतच तिचें वय राहतें. राखेच्या घरांत जुनी राख असेल तर तीही एका पुडींत बांधून जवळ ठेवावी.

परंतु जतनाचें सर्वांत मोठें साधन यांपैकीं एकही नव्हे. तें म्हणजे कागदाची एक चिठ्ठी. शेगडी कोणाच्या घरची, कोणीं घडविली, तिच्यावर काय शिजे, ती केव्हां बंद पडली, या चार ओळी लिहून तिच्या कडीला बांधाव्या. मालकाचें आणि गांवचें नांव पुसलें गेलेली सुंदर शेगडी ही दुकानांतली शोभा आहे. चिठ्ठी असलेली वेडीवांकडी शेगडी हा इतिहास आहे. आणि ती चिठ्ठी लिहून देऊं शकणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. ज्या आजीबाईंनीं स्वतःच्या हातानें शेगडीला लेप दिला त्यांना विचारण्यास आपल्याकडे फार वर्षें नाहींत. पितळ पुन्हां मिळेल, तांबें पुन्हां मिळेल. त्यांची आठवण मोडींत गेली तर ती परत देणारा तराजू कोठेंही नाहीं.

शेवटीं एक गोष्ट संग्राहकाच्या नम्रतेसाठीं. मराठवाड्याची भाजण्याची खरी, अस्सल शेगडी कोणत्याही संग्रहालयांत ठेवतां येणार नाहीं. थंडीच्या दिवसांत शेताच्या बांधावर जमिनींत लहान खळगा करतात, त्यांत गोंवऱ्यांचा विस्तव करतात, आणि त्यांत ज्वारीचीं कोंवळीं कणसें भाजून हुरडा चोळतात. तिला आगटी म्हणतात. हुरडा संपला कीं ती विझते, आणि पुढच्या नांगरटींत तिची खूणही राहत नाहीं. तिला कड्या नाहींत, पाय नाहींत, जाळी नाहीं. ती मिळवावयाची असेल तर हुरड्याच्या दिवसांत कोणाच्या तरी बांधावर जाऊन बसलें पाहिजे, आणि निखाऱ्यांतून निघालेलें ऊन कणीस तळहातावर चोळलें पाहिजे.