ड्रॉप रेट १ टक्का, तरी तलवार का मिळत नाही?

एका महाविद्यालयीन वाचकाचा प्रश्न आला आहे. तो खेळतो त्या गेमच्या विकीवर एका तलवारीचा ड्रॉप रेट, म्हणजे दर खेपेला ती मिळण्याची शक्यता, १ टक्का दिला आहे. त्याने बॉसला शंभर वेळा मारलं, पण तलवार काही पडली नाही. मित्र म्हणतात, ‘तुझं आरएनजीच खराब.’ विकीचा आकडा चुकीचा आहे, की गेम फसवतोय?

बहुधा दोन्ही नाही. एका खेपेला तलवार न मिळण्याची शक्यता ९९ टक्के. ०.९९ ला शंभर वेळा गुणलं की उत्तर येतं सुमारे ०.३७. म्हणजे बॉसला शंभर-शंभर वेळा मारणाऱ्या दर १०० खेळाडूंपैकी ३७ जण रिकाम्या हाताने परततात. तीनशे वेळा मारूनही पाचेक जण तसेच राहतात. मिळण्याची शक्यता ९९ टक्क्यांवर न्यायची तर ४५९ वेळा मारावं लागतं. आणि आधीच्या शंभर खेपा बॉसच्या खाती जमा होत नाहीत. एकशे एकाव्या खेपेलाही शक्यता तीच, १ टक्का.

ही सोडत काढतं कोण? आरएनजी, म्हणजे रँडम नंबर जनरेटर. संगणकाला फासे टाकता येत नाहीत, त्याला फक्त गणित येतं. गणितातूनच बेभरवशाचे वाटतील असे आकडे काढायची सर्वांत टिकाऊ युक्ती डेरिक लेमर या अमेरिकी गणितज्ञाने १९४९ मध्ये मांडली. संगणकाच्या इतिहासात फॉन न्यूमन यांचं नाव सगळे घेतात, लेमर यांचं मात्र क्वचितच कुणी घेतं. गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कॅल्क्युलेटर घेऊन ही युक्ती करूनच पाहा. एक आठ अंकी संख्या घ्या, समजा ४७५९४११८. तिला २३ ने गुणा, १०९४६६४७१४ येईल. शेवटचे आठ अंक ठेवा आणि डावीकडे उरलेले १० त्यातून वजा करा. मिळाले ९४६६४७०४. याला पुन्हा २३ ने गुणून तेच करा, ७७२८८१७१ येईल. आता समजा गेमने ठरवलं, की संख्येचे शेवटचे दोन अंक ०० आले तरच तलवार द्यायची. पहिल्या खेपेला आले ०४, दुसऱ्या खेपेला ७१. दोन्ही वेळा तलवार नाही. एक गुणाकार, एक वजाबाकी, आणि समोर बसलेला माणूस नशिबाला बोल लावतो! किती सुंदर आहे हे!

सुरुवातीच्या त्या संख्येला सीड म्हणतात. सीड तोच, तर पुढची सगळी रांग तीच. म्हणून तर माइनक्राफ्टची एकच आवृत्ती खेळणाऱ्या दोन मित्रांनी एकच सीड टाकला, की दोघांनाही त्याच जागी तोच डोंगर दिसतो. २००४ साली आलेल्या पोकेमॉन एमराल्डमधला जनरेटरही लेमर यांच्याच घराण्यातला, आणि यंत्र सुरू केलं की त्याचा सीड दरवेळी शून्यच. रांग सेकंदाला सुमारे साठ पावलं पुढे सरकते. चाणाक्ष खेळाडूंनी ती आधीच मांडून ठेवली आणि नेमक्या क्षणी बटण दाबून हवा तो पोकेमॉन पकडायला सुरुवात केली. विकीवर याला आरएनजी मॅनिप्युलेशन म्हणतात. मला तर ही प्रयोगशाळेच्या तोडीची निरीक्षणं वाटतात.

उलट, गेम बनवणारेही नशिबात हात घालतात, आणि बरेचदा खेळाडूच्या भल्यासाठी. टेट्रिसच्या आजच्या आवृत्त्यांमध्ये सातही आकार जणू हाउजीच्या पिशवीत टाकलेले असतात. पिशवी रिकामी झाल्याशिवाय ती पुन्हा भरत नाही. त्यामुळे दोन लांब दांड्यांच्या मध्ये बारापेक्षा जास्त तुकडे कधीच येत नाहीत. फायर एम्ब्लेमच्या अनेक भागांत पडद्यावर ९० टक्के दिसतात, पण गेम दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेतो, आणि वार लागण्याची खरी शक्यता होते ९८.१ टक्के. ९० टक्के म्हणजे दहात एकदा चुकणार, हे आपल्या मनाला पटतच नाही. निर्मात्यांनी ते ओळखलं.

पैसे मोजून सोडत काढायची वेळ येते, तिथे मात्र माझं कौतुक संपतं. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे, आणि नव्वदाव्या खेपेला पंचतारांकित काहीतरी नक्की मिळतं. या हमीला खेळाडू पिटी म्हणतात. हमी खरी आहे, पण तिथपर्यंत पोहोचायला नव्वद सोडती लागू शकतात, हे जाहिरातीतल्या झगमगाटात कुणाच्या लक्षात येत नाही. चीनने २०१७ पासून कंपन्यांना अशा शक्यता जाहीर करायला लावल्या. बेल्जियमने २०१८ मध्ये विकतचे लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर सोडणारे डबे, थेट जुगारात धरले. मला बेल्जियमचं पटतं.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या मित्रा, तलवारीसाठी बॉसला आणखी शंभर वेळा खुशाल मार. पण पैसे भरायचं बटण समोर आलं, तर आधी ड्रॉप रेट शोध. १०० ला त्याने भाग, म्हणजे सरासरी किती खेपा लागतील ते कळेल. त्याला एका खेपेच्या किमतीने गुण. तो आकडा घरी मोठ्याने सांगता येत नसेल, तर बटण दाबू नकोस.