अगस्त्य कोणत्या पानावर आहे?

आकाशदर्शनाचं पुस्तक घ्यायला दुकानात गेलात, तर आधी त्यात अगस्त्य शोधा. रामाला पंचवटीत राहायला सांगणारे ते अगस्त्य ऋषीच, त्यामुळे नाशिककरांचा त्यांच्यावर हक्क आहेच. पण खरं कारण निराळं आहे. रात्रीच्या ताऱ्यांत व्याधाच्या खालोखाल तेजस्वी असलेला हा तारा लंडनमधून कधीच दिसत नाही. म्हणून कित्येक इंग्रजी पुस्तकांत तो शेवटी, 'दक्षिणेचं आकाश' या परिशिष्टात ढकललेला असतो. ही पुस्तकं चुकीची नसतात. ती चाळीस-पन्नास अक्षांशांवर राहणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात आणि नाशिक आहे 20 अंशांवर.

या फरकानं केवढं पारडं झुकतं बघा. वर्षभरात लंडनकराच्या वाट्याला आकाशगोलाचा सुमारे 81 टक्के भाग येतो, नाशिककराच्या वाट्याला 97 टक्के! मे महिन्यात अंजनेरीसारख्या उंचावरून दक्षिण क्षितिज स्वच्छ मिळालं, तर त्रिशंकूसुद्धा दिसतो. त्याच्या बराच वर, नरतुरंगात, एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांना जाणवतो. तो ओमेगा सेंटॉरी, आपल्या आकाशगंगेतला सर्वांत मोठा गोलाकार तारकागुच्छ. तिथे लाखो सूर्य दाटीवाटीनं राहतात. आणि स्वाती? ती नाशिकच्या जवळजवळ बरोब्बर डोक्यावरून जाते, एका अंशाचाही फरक नाही.

उलट, परदेशी पुस्तक म्हणतं की सप्तर्षी मावळतच नाहीत. इथे ते खुशाल मावळतात. 'उन्हाळी आकाश' म्हणून त्यात जून ते ऑगस्टचे नकाशे असतात, तेव्हा आपल्याकडे धो धो पाऊस. धनु-वृश्चिकातली आकाशगंगा बघायची तर मार्च-एप्रिलच्या पहाटे उठावं लागतं. वेळेचंही तसंच. नकाशावर 'रात्री 9' लिहिलेलं असतं ते स्थानिक वेळेनुसार. आपलं घड्याळ 82.5 रेखांशावर चालतं आणि नाशिक त्याच्या पश्चिमेला, म्हणून 35 मिनिटं मिळवायची. नऊचं आकाश इथे 9:35 ला दिसतं.

रंगीत फोटोंना मात्र भुलू नका. मृगातला तेजोमेघ फोटोत गुलाबी असला, तरी लहान दुर्बिणीतून तो राखाडी धुक्यासारखाच दिसतो. इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. 1989 साली आलेलं 'टर्न लेफ्ट अ‍ॅट ओरायन' मला याचसाठी आवडतं. त्यात दुर्बिणीतून जसं दिसतं तशी रेखाटनं आहेत. दुर्बीण आल्यावर ते जरूर घ्या.

आणखी एक परीक्षा दुकानातच करता येते. टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर लावून नकाशा बघा. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडानं ती क्षणात वाया जातात, म्हणून बाहेर लाल उजेडातच वाचायचं असतं. नकाशावर लाल शाईनं छापलेलं काही असेल, तर ते त्या उजेडात चक्क नाहीसं होतं!

पहिलं पुस्तक मराठीच असावं, असं माझं मत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'ज्योतिर्विलास' लिहिलं, ते इथलंच आकाश डोळ्यांपुढे ठेवून. आजच्या पुस्तकातही नक्षत्रांची नावं पंचांगाशी जुळली, तर आज चंद्र कुठल्या ताऱ्याजवळ आहे हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरूनही कळतं.

पुस्तक घरी आलं की फेब्रुवारीच्या दहा तारखेच्या आसपास, रात्री साडेनऊला, दिवे नसलेल्या जागी जा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंशांची असते. उत्तरेला क्षितिजापासून दोन मुठींवर ध्रुव. मग वळून दक्षिणेला बघा: व्याधाच्या बऱ्याच खाली, क्षितिजापासून दोन मुठींहून थोड्या कमी उंचीवर, तो अगस्त्य.