कामगारांची शाळा : यवतमाळच्या कॉलेजांत श्रमिक शिक्षण केंद्र का नसावं?

सकाळी सातच्या सुमारास यवतमाळ, पुसद, दिग्रस किंवा उमरखेडच्या मजूर अड्ड्यावर उभं राहून बघा. हातात थापी, रंगाचा ब्रश, टिफिनची पिशवी. गवंडी, पेंटर, टाइल्सवाले, सेंट्रिंगवाले, हमाल. त्यात आपल्या मोहल्ल्यातली पोरं भरपूर. कुणी दहावी, कुणी बारावी, एखादा बी.ए.सुद्धा. त्यातल्या कुणालाही विचारा, "भाऊ, तुझी बांधकाम कामगार म्हणून नोंदणी आहे का?" काही जण हो म्हणतील. बरेच जण म्हणतील, "फॉर्म भरला होता, पुढं काय झालं माहीत नाही."

आमच्या ओळखीतले एक पेंटर होते. दहा-अकरा वर्षं भिंती रंगवल्या, मग एका इमारतीच्या परातीवरून पडले आणि गेले. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजनेत, नोंदणी चालू असलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसांना 5 लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. यांची नोंदणी एकदा झाली होती, पण दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ठेकेदाराने 90 दिवसांचा दाखला द्यायचा टाळला होता, म्हणून तेही कंटाळून गेले होते. असा दाखला शहरात नगरपालिकेकडून, गावात ग्रामसेवकाकडूनही मिळवता येतो, हे आम्हाला मयतीनंतर कळलं. चहा पिता पिता एका वकिलांनी सांगितलं. तोवर उशीर झाला होता.

मंडळाकडचा पैसा खैरात नाही, हेही तेव्हाच समजलं. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर घेतला जातो आणि त्यातून तो जमा होतो. म्हणजे मजुरांच्याच घामाशी जोडलेला पैसा.

अशा गोष्टी शिकवणारी एक शाळा असते. तिला श्रमिक शिक्षण म्हणतात. यवतमाळकरांना गंमत वाटेल, पण सुरुवातीला या शाळेचं देशातलं मुख्यालय आपल्यापासून फार लांब नव्हतं. ते नागपुरात होतं.

1958 साली केंद्र सरकारने केंद्रीय श्रमिक शिक्षा मंडळ स्थापन केलं आणि त्याचं मुख्यालय नागपूरला ठेवलं. आता त्याचं नाव दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय श्रमिक शिक्षा व विकास मंडळ असं आहे. ठेंगडी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे, 1955 मध्ये भारतीय मजदूर संघ त्यांनी स्थापन केला. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार संघटना अशा तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी असतात. कामाची पद्धत साधी आणि हुशारीची आहे. आधी शिक्षण अधिकारी तयार करायचे. त्यांनी कारखान्यातल्या निवडक कामगारांना शिकवून श्रमिक शिक्षक बनवायचं. मग या श्रमिक शिक्षकांनी आपल्याच खात्यात, आपल्याच भाषेत बाकीच्यांचे वर्ग घ्यायचे. बाहेरचा साहेब येऊन भाषण देतो त्यापेक्षा शेजारच्या मशीनवरचा माणूस सांगतो ते जास्त पटतं, हा त्यामागचा विचार. पुढे असंघटित आणि ग्रामीण मजुरांसाठीही शिबिरं सुरू झाली. मुंबईत याच मंडळाची भारतीय श्रमिक शिक्षा संस्था 1970 पासून चालते.

मुंबईत परळला राज्य सरकारची एक जुनी संस्थाही आहे, नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था. 1947 मध्ये ती मुंबई कामगार संस्था म्हणून सुरू झाली. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी. 1880 च्या दशकात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, मागण्या लिहून काढल्या, सह्या गोळा केल्या, 'दीनबंधु' चालवलं. 1890 मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली ती या लिहून काढण्याच्या कामातूनच. आज आपण रविवारी घरी बिर्याणी शिजवतो, तेव्हा हा माणूस आठवायला हरकत नाही.

मग प्रश्न असा, की हे सगळं मुंबई-नागपुरातच का? जिल्ह्याच्या कॉलेजात का नाही?

परदेशात असं आहे. अमेरिकेत सिएटलच्या साउथ सिएटल कॉलेजमध्ये वॉशिंग्टन राज्याचं कामगार शिक्षण व संशोधन केंद्र चालतं. हे कॉलेज म्हणजे आपल्याकडच्या समुदाय महाविद्यालयासारखं, कमी फीचं, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचं. केंद्राचं नाव नीट वाचा : शिक्षण आणि संशोधन. दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. नुसतं शिकवलं आणि कामाच्या जागी काय चाललंय ते नोंदवलं नाही, तर शिकवणारा जुन्याच पुस्तकातून बोलत राहतो. नुसतं नोंदवलं आणि मजुरांपर्यंत परत नेलं नाही, तर अहवाल कपाटात पडतो.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013 च्या सुमारास समुदाय महाविद्यालयांची योजना आणली. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून काम करत शिकणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम चालवतं. म्हणजे चौकट आहे. पण त्यात फॅशन डिझाइन, मोबाइल दुरुस्ती, संगणक असले विषय दिसतात. मजूर म्हणून आपला हक्क काय, हा विषय दिसत नाही. आमच्या मते हा निव्वळ विसर नाही. काम शिकवायला सगळे तयार असतात. कामाचा भाव कसा मागायचा ते शिकवायला फारसं कुणी येत नाही.

संशोधनाची गरज किती आहे, ते यवतमाळ जिल्ह्याइतकं दुसऱ्या कुणाला कळावं? 2017 चा पावसाळा आठवा. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात 20 च्या आसपास माणसं गेली, शेकडो लोक वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले. कुणाची नजर गेली होती, कुणाला उलट्या, कुणाला शुद्ध नाही. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. बातम्यांत शब्द होता 'शेतकरी'. पण पंप पाठीवर घेतलेले बरेच लोक रोजंदारीने फवारणीला गेलेले मजूर होते. हा फरक कागदावर फार मोठा होतो. शेतकऱ्यांच्या सरकारी अपघात विम्याचा आधार सातबारा होता. ज्याच्या नावावर जमीन नाही, तो त्या चौकटीत बसणार कसा? सरकारने मृतांच्या कुटुंबांना मदत जाहीर केली, पण जे वाचले आणि नंतर महिनोन्‌महिने कामाला जाऊ शकले नाहीत, त्यांची बुडालेली मजुरी कुणी मोजली?

थोडी मोजली गेली, ती अशाच संशोधनामुळे. पॅन इंडिया या संस्थेने त्या वेळी गावागावांत जाऊन माहिती गोळा केली. विषबाधा झालेल्यांची संघटना उभी राहिली. 2020 मध्ये यवतमाळच्या 51 कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये एका कीटकनाशक कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली, पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयात दावाही गेला. कंपनीने जबाबदारी नाकारली. पण मुद्दा वेगळा आहे. ती तक्रार ज्यावर उभी होती, त्यात पोलिसांच्या नोंदी होत्या : कुणाला त्रास झाला, आणि कुठलं औषध फवारत असताना झाला. कुणीतरी डब्यावरचं नाव लिहून ठेवलं होतं, म्हणून यवतमाळच्या गावातला प्रश्न युरोपात विचारता आला.

डब्यावरचं नाव लिहून ठेवणं, एवढीच श्रमिक संशोधनाची पहिली पायरी आहे. त्याला पीएच.डी. लागत नाही. फवारणीला निघालेल्या पोराने मोबाइलवर डब्याचा फोटो काढून ठेवायचा, दोन औषधं मिसळली असतील तर दोन्हींचा. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरला तो दाखवायचा. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं विष असेल तर ॲट्रोपिन हे औषध वापरतात, दुसऱ्या गटाचं असेल तर उपचार वेगळे. डॉक्टरचा अर्धा तास वाचतो, कधी जीवही वाचतो. हेच एखाद्या केंद्राने जूनमध्ये गावोगावी सांगितलं तर? फवारणी करणाऱ्याला हातमोजे, मास्क, पूर्ण कपडे द्यायची तरतूद कीटकनाशक नियमांत 1971 पासून आहे. आपल्यापैकी किती जणांनी ते कधी पाहिले?

दुसरं उदाहरण कापूस वेचणीचं. आपल्या घरातल्या अम्मी, खाला, आपा हंगामात वेचणीला जातात. भाव किलोवर ठरतो. पहिल्या वेचणीत कापूस दाट, दिवसभरात वजन चांगलं भरतं. शेवटच्या वेचणीत तेवढेच तास वाकून अर्धंही भरत नाही. मग दिवसाची मजुरी किमान वेतनाच्या वर आहे की खाली? हे कळायला एक वही पुरे : तारीख, तास, किलो, मिळालेले पैसे. पाच गावांतल्या पन्नास बायकांची एका हंगामाची अशी वही कॉलेजच्या मुलींनी भरली, तर जिल्ह्यात आजवर कुणाकडे नसलेली माहिती हातात येईल. कामगार अधिकाऱ्यासमोर "आम्हाला परवडत नाही" म्हणण्यापेक्षा ती वही ठेवणं बरं.

वणी भागातल्या कोळसा खाणींची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथं ठेकेदाराकडे काम करणाऱ्या मजुरांसाठी कोल इंडियाने किमान वेतनापेक्षा जास्त असे वेगळे दर ठरवलेले आहेत. दर आहेत हेच माहीत नसेल, तर पगाराच्या चिठ्ठीत काय शोधायचं?

आणि आता कायदाच बदलला आहे. 29 जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क सगळ्या कामगारांपर्यंत नेला. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला ग्रॅच्युइटीसाठी आता पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरतं. नेमणूकपत्र द्यायची तरतूद आहे. पण थांबा, नेमणूकपत्राची तरतूद ज्या संहितेत आहे ती साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होते. आपल्याकडचं गॅरेज, शिलाईचं दुकान, बेकरी बहुधा तीन-चार माणसांची. म्हणजे व्हॉट्सॲपवर "सगळ्यांना नेमणूकपत्र" असा मेसेज फिरतो, तो अर्धाच खरा. दुसरीकडे संघटनांचं म्हणणं असं, की संपाच्या अटी आणि कपातीची मर्यादा यांत कामगारांचं नुकसान झालं. दोन्ही बाजू माहीत असलेला शिक्षक लागतो तो इथं.

असं केंद्र चालवणाऱ्याचं काम काय, असं एका वाचक ताईंनी आम्हाला विचारलं होतं. त्यांचा मुलगा समाजकार्याचं शिकतोय. काम थोडं प्राध्यापकाचं, थोडं वकिलाचं, बरंचसं हमालाचं! वर्ग संध्याकाळी ठेवावे लागतात, कारण दिवसा आलं तर मजुरी बुडते. श्रमिक शिक्षा मंडळाच्या असंघटित मजुरांच्या शिबिरांत बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कम द्यायची पद्धत आहे, ती याचसाठी. भाषा बघावी लागते : यवतमाळात मराठी आणि आपली दखनी वळणाची हिंदी चालेल, केळापूर-झरीकडे कोलामी आणि गोंडी बोलणारे येतील, पुसद-दिग्रसकडे गोरमाटी. युनियनवाल्यांशी बोलायचं आणि मालकांशीही, पण कुणाच्या खिशात जायचं नाही. पैसा कॉलेजचा, म्हणून प्राचार्यांना जपायचं. आणि विद्यार्थी परीक्षेपुरते असतात, मजूर पावसाळ्यापुरते. दोघांना एका खोलीत आणायचं.

या क्षेत्रात नोकऱ्याही आहेत, हे पालकांनी लक्षात ठेवावं. जुन्या कारखाना कायद्यात 500 कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमावा लागत होता, नव्या संहितेत तो आकडा 250 वर आला. म्हणजे जागा वाढायला हव्यात. त्यासाठी समाजकार्य किंवा श्रमविज्ञानातली पदवी लागते. यवतमाळात सावित्री ज्योतीराव समाजकार्य महाविद्यालय आहे, परळच्या संस्थेत श्रमविज्ञानाची पदव्युत्तर पदवी आहे. आपल्या मुलामुलींचा ओढा डी.एड., फार्मसीकडे, आणि तिथं काय गर्दी झाली आहे ते सगळे जाणतात.

केंद्र होईल तेव्हा होईल. मजुरी वेळेवर देण्याबद्दल जुम्याच्या बयानात आपण ऐकत आलो आहोत, त्याच मशिदीच्या आवारात किंवा मोहल्ल्याच्या वाचनालयात महिन्यातून एक रविवार दोन तास बसता येतं. बांधकाम कामगारांची 90 दिवसांच्या दाखल्यासह नोंदणी, जुन्यांचं नूतनीकरण, आणि 16 ते 59 वयाच्या असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड, ज्याला आधार, आधारशी जोडलेला मोबाइल आणि बँक खातं लागतं. कॉलेजची चार मुलं आणि एक लॅपटॉप पुरतो. येणाऱ्या प्रत्येकाचं काम, मजुरी, तास आणि कामावर झालेली इजा एका वहीत लिहा. आमच्या ओळखीच्या त्या पेंटरच्या मुलाने हे काम करायची तयारी दाखवली आहे. तो सध्या बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत रंगकाम करतो. त्याची स्वतःची नोंदणी मागच्या महिन्यात झाली.