पिवळा दिवा काय सांगतो ?

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गानें लातूरकडे जातांना पाऊस लागला, म्हणजे शेतांतील काळा चिखल रस्त्यावर येतो. अशा वेळीं ब्रेक जोरानें दाबला, कीं चाकें थांबतात, पण मोटार घसरतच जाते. स्टिअरिंग फिरवूनहि ती वळत नाहीं. हें टाळणारी ए. बी. एस. ही योजना १ एप्रिल २०१९ पासून भारतांत नव्या मोटारींना सक्तीची झाली. प्रत्येक चाकाची गति संवेदक मोजतो. चाक अडकूं लागतांच ब्रेकचा दाब सेकंदांत अनेकदां सोडला व धरला जातो.

मोटार सुरू करतांना या योजनेचा पिवळा दिवा क्षणभर लागून विझतो. तो पेटलेलाच राहिला, तर योजना बंद पडली असें समजावें. साधा ब्रेक बहुधा चालूच असतो. वेग कमी करावा, पुढील वाहनापासून अंतर वाढवावें आणि लौकर गॅरेज गांठावें. चाकें अडकलीं, तर पाय किंचित् सैल करून पुन्हां दाबावा.

मात्र जोडीला ब्रेकचा तांबडा दिवाहि लागला, तर प्रथम हातब्रेक सुटलेला आहे ना, हें पहावें. तो सुटूनहि दिवा विझला नाहीं, तर साध्या ब्रेकचाहि भरंवसा उरत नाहीं. मोटार सावकाश कडेला उभी करावी व ओढून न्यावी. लातूरला उशिरां पोहोंचलें तरी चालेल.