जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका!
विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ आधीचे बहुतेक लॅपटॉप धडधाकट असूनही बाद ठरतात.

माझ्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपमध्ये मी हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी बसवली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. सुरू व्हायला तीन-चार मिनिटं घेणारं मशीन आता अर्ध्या मिनिटात तयार!

तुम्हीही करून बघा. आधी डेटाचा बॅकअप घ्या. मग पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा तपासा. यात डिस्कवरचं काहीच बदलत नाही. सगळं नीट चाललं, तरच इन्स्टॉल करा.